भिंतीला श्वास घेऊ द्या!

मित्रहो, व्हायवाला हमखास विचारला जाणारा एक प्रश्न आहे, "वीप होल कशासाठी?" आपण डोळे मिटून उत्तर देतो, "सर, रिटेनिंग वॉलमागचं पाणी जायला." उत्तर बरोबर आहे, मार्कही मिळतात. पण राहत्या घराच्या विटांच्या भिंतीलाही वीप होल असतात, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असतं. कारण आपल्याकडची भिंत म्हणजे ९ इंची भरीव वीटकाम, दोन्ही बाजूंनी प्लास्टर, विषय संपला.

ऑस्ट्रेलियात प्रकार वेगळा आहे. तिथे 'ब्रिक व्हिनिअर' नावाची पद्धत फार चालते. घराचा भार पेलतो तो आतला सांगाडा, बहुतेक वेळा लाकडी. बाहेरची वीट म्हणजे नुसता अंगरखा. या दोहोंत किमान २५ मिमी पोकळी ठेवतात. आता गंमत बघा. वीट आणि तिचे सांधे पूर्ण जलरोधक कधीच नसतात. वाऱ्यासकट पाऊस झोडपला की थोडं पाणी आत झिरपतंच. ते विटेच्या आतल्या अंगाने खाली ओघळतं, तळाशी बसवलेल्या डीपीसी किंवा फ्लॅशिंगवर थांबतं आणि तिथल्या छिद्रांतून बाहेर पडतं. ही छिद्रं म्हणजे फार काही नाही. डीपीसीच्या लगेच वरच्या थरात काही उभ्या सांध्यांत मसाला भरायचाच नाही. तिथल्या नियमाप्रमाणे अशी दोन छिद्रं १.२ मीटरपेक्षा लांब नसावीत. याच फटींतून पोकळीत हवाही खेळते आणि ओल सुकते. म्हणजे पाणी अडवायचं नाही, त्याला वाट द्यायची, असा सगळा हिशोब!

माझा मावसभाऊ तिकडे राहतो. घरामागे बसायला काँक्रीटचा ओटा करायचा त्याच्या मनात होतं. त्याने फोटो आणि टेपची मापं पाठवली आणि विचारलं, "तू सिव्हिलचा ना? भिंतीला टेकवून ओतलं तर चालेल ना?" मी म्हटलं, "दादा, आधी मापं बघू दे, मग मिक्सर बोलाव."

मापं अशी होती. छिद्राचा तळ मातीपासून १२० मिमी वर. ओट्याची जाडी १०० मिमी, खाली खडीचा थर ५० मिमी. मातीवरच ओतलं तर काँक्रीटचा माथा १५० मिमीवर येणार, म्हणजे छिद्रं ३० मिमी काँक्रीटखाली गाडली जाणार.

मग होईल काय? एक, पोकळीतलं पाणी तळाशी साचेल आणि लाकडी सांगाड्याच्या खालच्या पट्टीला ओल धरेल. ती पट्टी कुजली की तिच्यावर उभं असलेलं सगळंच धोक्यात. दोन, काँक्रीट डीपीसीच्या वर गेलं की ओल डीपीसीला वळसा घालून वर चढेल. तीन, ओट्यावर पडलेलं पावसाचं पाणी त्याच छिद्रांतून उलटं आत शिरेल. आणि चौथी गोष्ट वाळवीची. ती लपूनछपून यायला असा आडोसाच शोधते. म्हणूनच तिथे घराच्या बुडाशी ७५ मिमीचा पट्टा उघडा ठेवण्याची पद्धत आहे. वाळवीने मातीची नळी बांधली तर ती डोळ्यांना दिसली पाहिजे. वाईट गोष्ट ही, की यातलं काहीच पहिल्या वर्षी कळत नाही. ओटा मस्त दिसतो, पाहुणे कौतुक करून जातात आणि आत घर पोखरत राहतं.

उपाय मात्र अकरावीच्या गणिताएवढाही अवघड नाही. काँक्रीटचा माथा छिद्राच्या ७५ मिमी खाली, म्हणजे मातीपासून ४५ मिमीवर ठेवायचा. एकूण जाडी १५० मिमी. म्हणून भिंतीलगत १५० वजा ४५, म्हणजे १०५ मिमी माती आधी काढायची. शिवाय ढाळ भिंतीपासून दूर हवा. पहिल्या मीटरमध्ये ५० मिमी उतार धरला, तर जमीन सपाट असताना एक मीटरवर १५५ मिमी खणावं लागेल. तिकडच्या कडेला पाणी साचू नये म्हणून जाळीची नाली. खणताना पाया मात्र उघडा पाडायचा नाही. इतकी माती काढणं जमणारं नसेल, तर ओटा भिंतीपासून थोडा लांब ठेवून मधल्या पट्टीतल्या पाण्याला वेगळी वाट काढून द्यावी. आणि छिद्रांतून उंदीर-किडे येतात म्हणून ती सिमेंटने बुजवू नयेत, बारीक जाळी बसवावी.

दादाने दोन रविवार फावडं चालवलं. मला शिव्या दिल्या असतील, पण छिद्रं मोकळी राहिली.

आपल्याकडे याचा काय संबंध, असं कोणी म्हणेल. आपल्या भिंतीत पोकळी नाही, पण जोत्यात डीपीसी आहे. इमारतीभोवती आधी कोबा, मग त्यावर पेव्हर ब्लॉक, मग पुन्हा काँक्रीट असे थर चढत गेले की बाहेरची पातळी डीपीसीला गाठते आणि तळमजल्याच्या भिंतींना ओल येते. मग आपण रंगाऱ्याला दोष देतो! रिटेनिंग वॉलचंही तेच. मागे ३ मीटर पाणी साचलं, तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर सुमारे ४४ किलोन्यूटन, म्हणजे साडेचार टन जोर नुसत्या पाण्याचा. तो थोपवतात ती पाइपाची चार इंची भोकं, ज्यांत आपण वेफर्सची पाकिटं कोंबतो.

तेव्हा भावी इंजिनिअर मंडळी, उद्या साइटवर गवंडी म्हणाला, "साहेब, ही भोकं बुजवून टाकू का? दिसायला बरं दिसेल," तर आधी टेप काढा आणि पाणी कुठून जाणार ते त्याला विचारा. उत्तर मिळेपर्यंत काँक्रीट ओतू देऊ नका.