हप्त्याची गोष्ट प्रार्थनेत येऊ द्या

बारावीचा निकाल लागला की आपल्या सोलापुरातल्या कितीतरी घरांत पुण्याची तयारी सुरू होते. हुतात्मा एक्सप्रेसचं आरक्षण, वसतिगृह, मेसचे पैसे आणि निघताना ठरलेलं वाक्य, ‘आता स्वतःच्या पायावर उभा राहा, कुणापुढे हात पसरू नकोस.’ गिरण्या बंद पडताना ज्यांनी पाहिल्या, त्यांच्या तोंडी हे येणारच. पण पोरगं त्यातून भलतंच शिकतं. अडचण आली तर आपली आपण निस्तरायची, देवाला म्हणे चांगलंचुंगलं तेवढं सांगायचं!

त्याच गाडीच्या वाटेवर, दौंड सोडल्यावर, केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलंच. स्वावलंबनात रमाबाईंच्या तोडीचं माणूस शोधून सापडायचं नाही. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, तरी भावाबरोबर पायी देश पालथा घातला आणि 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांकडून ‘सरस्वती’ पदवी मिळवली. 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा झाला. मात्र त्यानंतरही कित्येक वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, खुद्द ख्रिस्त नव्हे, अशी कबुली त्यांनी आपल्या साक्षीत दिली आहे. एवढी विद्वान बाई हे लिहिते, याचं मला फार मोल वाटतं.

पुढे 1896-97 चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो उपाशी मुली आणल्या. बॉस्टनच्या संस्थेनं त्यांच्या शारदा सदनाला, म्हणजे विधवांसाठी काढलेल्या शाळेला, दहा वर्षं मदत कबूल केली होती खरी, पण या मुली त्या हिशेबात कुठे होत्या? प्रार्थनेच्या भरवशावर अनाथाश्रम चालवणाऱ्या जॉर्ज म्युलर यांचं चरित्र वाचलेल्या रमाबाई गुडघ्यांवर गेल्या. आणि उठल्यावर विहिरी खणून घेतल्या, शेती केली, मुलींना विणकाम शिकवलं, छापखाना घातला. ‘प्रार्थना कर, पेपर सोपा जाईल’ म्हणणाऱ्या पालकांनी त्या विहिरींचाही विचार करावा.

आता आपल्या घरात या. रात्री जेवणानंतर कौटुंबिक प्रार्थना होते. पप्पा डोळे मिटून पाळकसाहेबांसाठी, मंडळीसाठी, आजाऱ्यांसाठी, सगळ्या जगासाठी मागतात. आमेन होतं. मग स्वयंपाकघरात, आवाज दाबून, कर्जाच्या हप्त्याचं बोलणं सुरू होतं. मुलं झोपलेली नसतात हो! खरी गोष्ट प्रार्थनेत नसते, ती ओट्यापाशी असते, हे त्यांना बरोबर कळतं. शब्बाथशाळेत आम्ही वर्षभर कितीही शिकवलं तरी या एका धड्यापुढे ते टिकत नाही.

म्हणून माझी एवढीच विनवणी आहे. त्या हप्त्याचं नाव प्रार्थनेत घ्या, मुलांसमोर घ्या. ‘प्रभू, या महिन्याचं आम्हाला जमत नाहीये’ हे बापाच्या तोंडून ऐकलेलं लेकरू उद्या पुण्यात नापास झालं, नोकरी गेली, तर गुडघे टेकायला लाजणार नाही. तुम्हाला फोन करायलाही लाजणार नाही.

पैसे आले नाहीत तर? मुलं विचारतील. रमाबाईंचंही सगळं मनासारखं झालं नाही. त्यांची एकुलती एक लेक मनोरमा, मुक्तीचं काम जिच्या हाती सोपवायचं होतं, ती 1921 मध्ये आईच्या आधी गेली. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, तुमच्याकडेही नसेल. मुलांना तसंच सांगा, आणि दुसऱ्या रात्री पुन्हा मागायला बसा.