यकृताचा रोग आणि उंदरांची साक्ष

गेल्या सत्रांत यकृताचा पाठ चालू असतां एका विद्यार्थ्यानें आम्हांस प्रश्न केला, “कावीळ उतरली म्हणजे रोग गेला. मग कित्येकांच्या यकृतांत पुष्कळ वर्षांनीं गांठ कां होते?” इतक्यांत घंटा झाली व उत्तर राहून गेलें. तें आज येथें देण्याचें आम्ही योजिलें आहे. कारण तें विद्यार्थ्यांइतकेंच त्यांच्या आईबापांच्याही उपयोगाचें आहे.

कावीळ अनेक कारणांनीं होते. दूषित पाण्यापासून होणारी कावीळ बहुधा समूळ बरी होते. परंतु ‘हेपॅटायटिस बी’ नांवाचा विषाणु रक्तावाटे शरीरांत शिरतो. जन्माच्या वेळीं आईकडून ज्यांस तो लागतो, अशा दहा बालकांपैकीं सुमारें नऊ बालकांच्या यकृतांत, वेळीं उपाय न झाल्यास, तो ठाण मांडून बसतो. बाहेरून कांहींच दिसत नाहीं. आणि कित्येक वर्षांनीं कोणाकोणास कर्करोग होतो.

इतका दीर्घ काळ मनुष्याच्या यकृतांत काय चालतें हें कसें पाहावें? उंदरास हा विषाणु मुळीं लागतच नाहीं. म्हणून शास्त्रज्ञांनीं उंदराच्या नुकत्याच फलित झालेल्या अंड्यांत या विषाणूचें एक जनुक घातलें. कॅलिफोर्नियांतील स्क्रिप्स संस्थेचे फ्रान्सिस किझारी व त्यांचे सहकारी यांनीं १९८९ सालीं अशा उंदरांची हकीकत प्रसिद्ध केली. विषाणूच्या आवरणांतील एक प्रथिन या उंदरांच्या यकृतपेशींत वाजवीपेक्षां अधिक तयार होई व आंतच तुंबून राही. पेशी मरत, त्यांच्या जागीं नव्या येत, त्याही मरत. महिनोन्‌महिने असें चालल्यावर गांठी उठल्या व पुढें त्यांचा कर्करोग झाला. सबंध विषाणु तेथें नव्हताच!

पुढें १९९८ सालीं याच शास्त्रज्ञांनीं दुसरा प्रयोग प्रसिद्ध केला. यांतील उंदरांस त्या प्रथिनापासून स्वतः कांहीं अपाय नव्हता. परंतु त्या प्रथिनावर हल्ला करणाऱ्या रक्षक पेशी त्यांच्या अंगांत घालण्यांत आल्या. यकृताचा दाह सुरू झाला, तो थांबेना, आणि शेवटीं तेथेंही गांठी झाल्या. मनुष्याच्या यकृताची हानि बहुतांशीं याच प्रकारें होते.

यावरून काय निष्पन्न झालें? घाव कोणीही घालो, मोडणें व सांधणें अखंड चालू राहिलें कीं धोका उत्पन्न होतो. मुलांनीं एक दाखला ध्यानांत ठेवावा. पाठ एकदां उतरून घेतला तर चुका थोड्या होतात. पण नकलेवरून नक्कल, तीवरून आणखी नक्कल, अशा हजार वह्या घाईनें उतरल्या तर मूळ पाठ ओळखूं येईल काय? नवी पेशी ही जुनीची नक्कलच असते. स्वतःची झीज भरून काढण्याचा यकृताचा गुण मोठा खरा. परंतु विसांवा न मिळाल्यास तोच त्याला बाधतो.

तेव्हां पहिला घावच चुकविला पाहिजे. तैवानांत १९८४ सालापासून नवजात बालकांस या रोगाची लस देऊं लागले. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांत यकृताच्या कर्करोगाचें वार्षिक प्रमाण १९८१ ते १९८६ या काळांत लाखांत ०.७० होतें, तें १९९० ते १९९४ या काळांत ०.३६ वर आलें. आपल्या देशांतही २०११ पासून सर्वत्र ही लस सरकारी लसीकरणांत आहे. तिची पहिली मात्रा जन्मापासून चोवीस तासांच्या आंत द्यावयाची असते. घरांत पाळणा हलणार असेल तर वडील माणसांनीं हें विसरूं नये.

आणखी एक गोष्ट. हा विषाणु एकत्र जेवल्यानें किंवा एका भांड्यांतून पाणी प्याल्यानें लागत नाहीं. ज्याच्या रक्तांत तो आढळला त्यास पंक्तींतून उठविणें हें अज्ञान होय. त्यास वैद्याकडे न्यावें, वेळोवेळीं तपासणी करवावी. रोगास आवर घालणारीं औषधें आज आहेत.

ज्या मुक्या प्राण्यांच्या अंगावर हें ज्ञान लिहिलें गेलें, त्यांचें ऋण आपणांवर आहे. मिळालेलें ज्ञान वायां न दवडणें, हीच त्याची फेड.