आवडता गीतसंच आणि स्मृती : निबंधलेखनाचा एक पाठ

‘माझे आवडते गाणे’ हा विषय निबंधाच्या तासाला दिला असता बहुतेक मुले ‘ते फार गोड आहे’ एवढे लिहून थांबतात. हा दोष मुलांचा नव्हे, प्रश्नाचा आहे. गाणे का आवडते याचे उत्तर पुष्कळदा गाण्यात नसून, ते ज्या घटकेला व ज्यांच्या सहवासात ऐकले त्या आठवणीत असते.

‘गीतरामायणा’चे उदाहरण घ्यावे. ग. दि. माडगूळकर यांनी रचलेली आणि सुधीर फडके यांनी स्वरबद्ध केलेली ही ५६ गीते पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून एप्रिल १९५६ पर्यंत क्रमाने प्रसारित झाली. पुढे ती ध्वनिमुद्रिकांवरही आली. त्या काळी रेडिओ घरोघरी नव्हता. शेजारपाजारची मंडळी एकत्र जमून ऐकत. त्या वेळी बालवयात असलेल्या श्रोत्याला आज ती गीते ऐकताना केवळ रामकथा आठवत नाही. ती ओसरी, ती माणसे आणि ‘गप्प बसा’ म्हणणारे आजोबाही आठवतात.

एकाच वेळी अनुभवलेल्या गोष्टी मनात एकमेकींशी बांधल्या जातात. यालाच मानसशास्त्रात साहचर्य म्हणतात. संच वारंवार त्याच क्रमाने ऐकला, की एक गीत संपताच पुढचे मनात आपोआप सुरू होते. साधारणतः दहाव्या वर्षापासून तिशीपर्यंतच्या आठवणी उतारवयात अधिक ठळक राहतात. म्हणजे पाचवी ते सातवीच्या मुलांची ही शिदोरी आजच बांधली जात आहे.

पाठ देताना शिक्षकांनी पुढील क्रम ठेवावा. प्रथम मुलांना गीताचे नाव लिहू द्यावे. नंतर विचारावे : ते प्रथम कोठे ऐकले? जवळ कोण होते? त्या वेळी काय चालले होते? त्यामुळे पुढे कशाची गोडी लागली? एखाद्यास पेटीची, एखाद्यास पोथीवाचनाची गोडी लागलेली आढळेल. ज्याच्या घरी वाजविण्याचे साधन नाही, त्याने आजीची ओवी किंवा देवळातील भजन निवडावे. त्यास कमी लेखू नये.

येथे एक दक्षता अवश्य घ्यावी. काही गीतांशी दुःखही जडलेले असते. ज्याचे पितृछत्र नुकतेच हरपले आहे, असा मुलगा वडिलांचे आवडते गाणे निवडील आणि दोन ओळी लिहून थांबेल. त्यास ‘पुढे लिही’ असा आग्रह करू नये. ते लिखाण वर्गात मोठ्याने वाचावयास लावू नये व त्यावर तांबड्या शाईच्या खुणाही करू नयेत. वही परत देताना शिक्षकांनी ‘वाचले’ एवढाच शब्द लिहावा. त्या दोन ओळी पाठ केलेल्या नसून त्याच्या स्वतःच्या आहेत, आणि निबंधलेखनाचा आरंभ तेथेच होतो.