कार्लटन क्लबांतील सभा

इंग्लंडच्या इतिहासाच्या क्रमिक पुस्तकांत मुख्य प्रधानांची नामावळी दिलेली असते. परंतु एक जाऊन दुसरा कां आला, याचें उत्तर त्या नामावळींत सांपडत नाहीं. ब्रिटिश राज्यपद्धतींत मुख्य प्रधानास लोक प्रत्यक्ष निवडीत नाहींत. कॉमन्स सभेंत ज्या पक्षाचें बहुमत, त्याच्या पुढाऱ्यास राजा पाचारण करतो. म्हणून पक्षानें पुढारी बदलला कीं सार्वत्रिक निवडणूक न होतांही राज्याचें सुकाणूं दुसऱ्याच्या हातीं जाऊं शकतें. ह्याचे परिणाम कोठवर पोंचतात हें पाहावयाचें असेल, तर १९ ऑक्टोबर १९२२ रोजीं सकाळीं लंडनच्या कार्लटन क्लबांत भरलेल्या सभेचा वृत्तांत विद्यार्थ्यांनीं अवश्य अभ्यासावा.

महायुद्ध ऐन भरांत असतां, डिसेंबर १९१६ मध्यें, मुख्य प्रधान झालेले लॉइड जॉर्ज हे उदारमतवादी पक्षाचे होते. डिसेंबर १९१८ च्या निवडणुकींत त्यांच्या संयुक्त मंत्रिमंडळास मोठें बहुमत मिळालें खरें, पण त्यांत भरणा होता तो हुजूर पक्षाचा. उदारमतवाद्यांचा दुसरा गट तर अॅस्क्विथ यांजबरोबर विरोधी बाजूस राहिला. घर एकाचें आणि कारभारी दुसऱ्याचा, अशी ही स्थिति होती. अशी व्यवस्था यश मिळत असेपर्यंतच चालते. डिसेंबर १९२१ मध्यें आयर्लंडशीं झालेला तह कट्टर हुजूरांस रुचला नाहीं; १९२२ च्या उन्हाळ्यांत पैसे घेऊन पदव्या दिल्याच्या आरोपांनीं मोठी खळबळ उडाली; आणि सप्टेंबरांत चानाक येथें मुस्तफा केमाल यांच्या सैन्याशीं गांठ पडून देश पुनः युद्धाच्या उंबरठ्यावर आला. (तुर्कस्थानचा प्रश्न ह्या मंत्रिमंडळास पूर्वींच भोंवला होता. हिंदुस्थानांतील मुसलमानांच्या भावना लक्षांत घेऊन तुर्कांशीं केलेला तह बदलावा, अशी हिंदुस्थान सरकारची तार प्रसिद्ध करूं दिल्याबद्दल भारतमंत्री मॉन्टेग्यू यांस मार्च १९२२ मध्यें राजीनामा द्यावा लागला होता.)

हुजूर पक्षाचे पुढारी त्या वेळीं ऑस्टिन चेंबरलेन हे होते. प्रकृति बिघडल्यामुळें बोनर लॉ यांनीं मार्च १९२१ मध्यें पुढारीपण सोडलें, तेव्हां तें यांच्याकडे आलें. गृहस्थ सरळ व शब्दाचे पक्के. ज्यांच्याबरोबर काम केलें त्या लॉइड जॉर्ज यांस सोयीखातर टाकून देणें त्यांस अप्रामाणिकपणाचें वाटे. शिवाय वाढत्या मजूर पक्षास रोखण्यास दोन्ही जुन्या पक्षांनीं एकत्र राहावें, अशी त्यांची समजूत होती. मात्र सहकाऱ्याशीं इमान राखतांना आपल्या पाठीमागें बसलेल्यांचें मन त्यांनीं जाणून घेतलें नाहीं. पुढील निवडणूकही संयुक्तपणेंच लढवावी असा निर्णय त्यांनीं घेतला, आणि तो मान्य करून घेण्यासाठीं कॉमन्समधील आपल्या सभासदांस कार्लटन क्लबांत बोलाविलें.

त्याच सकाळीं न्यूपोर्टच्या पोटनिवडणुकीचा निकाल कळला होता. संयुक्त मंत्रिमंडळास विरोध करणारा हुजूर उमेदवार तेथें विजयी झाला होता. सभेंत व्यापारमंत्री स्टॅन्ली बाल्डविन थोडकेंच बोलले. लॉइड जॉर्ज ही एक प्रचंड गतिमान शक्ति आहे, आणि अशी शक्ति फार भयंकर असते. तिनें त्यांचा स्वतःचा पक्ष फोडला, आतां ती आपलाही फोडील, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. आदल्या दिवसापर्यंत सभेस जावें कीं न जावें ह्या विवंचनेंत असलेले बोनर लॉ यांनींही पक्षानें स्वतंत्र व्हावें असा कौल दिला. मतें मोजलीं तेव्हां स्वतंत्रपणें लढण्याच्या बाजूस विरोधी मतांच्या दुपटीहून अधिक मतें पडलीं. चेंबरलेन यांचें पुढारीपण संपलें आणि लॉइड जॉर्ज यांनीं त्याच दिवशीं राजीनामा दिला; त्यांस पुन्हा कधींही मंत्रिपद मिळालें नाहीं. राजानें बोनर लॉ यांस बोलाविलें असतां, आधीं पक्षानें मला पुढारी निवडावें, असा आग्रह त्यांनीं धरला. २३ ऑक्टोबरास तशी निवड झाल्यावरच त्यांनीं अधिकार स्वीकारला.

१५ नोव्हेंबरच्या निवडणुकींत हुजूर पक्षास स्पष्ट बहुमत मिळालें. तथापि खरी नवलाची गोष्ट अशी कीं, १४२ जागा मिळवून मजूर पक्ष अधिकृत विरोधी पक्ष झाला, व त्यानें लगेच अवघ्या पांच मतांच्या फरकानें रॅम्से मॅक्डोनल्ड यांस आपला पुढारी निवडलें.

मे १९२३ मध्यें बोनर लॉ यांस घशाच्या कर्करोगामुळें पद सोडावें लागलें. बंगालच्या फाळणीमुळें हिंदुस्थानास चांगलेच ठाऊक असलेले लॉर्ड कर्झन तेव्हां परराष्ट्रमंत्री होते. तार येतांच ते सोमरसेटहून आगगाडीनें लंडनास आले, ते मुख्य प्रधानपद आपलेंच अशा खात्रीनें! राजाच्या चिटणिसानें त्यांस सांगितलें कीं, निवड बाल्डविन यांची झाली आहे. मानी स्वभाव त्यांस नडलाच. पण मोठें कारण हें कीं ते उमरावांच्या सभेंत बसत, आणि मुख्य विरोधी झालेला मजूर पक्ष बहुतेक सगळा कॉमन्समध्यें होता.

बाल्डविन यांनीं परदेशी मालावर जकात बसविण्यासाठीं डिसेंबर १९२३ मध्यें निवडणूक घेतली आणि बहुमत गमाविलें. हुजूर २५८, मजूर १९१, उदारमतवादी १५८, असा निकाल लागला. जानेवारी १९२४ मध्यें मॅक्डोनल्ड हे मजूर पक्षाचे पहिले मुख्य प्रधान झाले. चेंबरलेन ज्यास भीत होते तें सवा वर्षांत घडलें. मात्र अधिक किंमत मोजली ती उदारमतवाद्यांनीं: ऑक्टोबर १९२४ मध्यें त्यांचे अवघे चाळीस सभासद उरले, आणि लॉइड जॉर्ज यांच्यानंतर त्या पक्षाचा मुख्य प्रधान झालेला नाहीं.

हुजूर सभासदांची ‘१९२२ कमिटी’ ह्या सभेंतून जन्मली असें पुष्कळदां लिहिलें जातें, तें खरें नव्हे. १९२२ च्या निवडणुकींत प्रथमच निवडून आलेल्या सभासदांनीं ती एप्रिल १९२३ मध्यें स्थापिली. पुढें पुढाऱ्यावरील अविश्वासाचीं पत्रें तिच्याच अध्यक्षाकडे जाऊं लागलीं. लिझ ट्रस यांस सप्टेंबर २०२२ मध्यें देशभरच्या पक्षसभासदांनीं पुढारी निवडलें होतें, पण कॉमन्समधील सहकाऱ्यांचा विश्वास त्यांनीं थोड्याच आठवड्यांत गमाविला. कमिटीच्या अध्यक्षांची भेट झाल्यावर त्यांनीं राजीनामा जाहीर केला, तो २० ऑक्टोबर २०२२ रोजीं; कार्लटन क्लबांतील सभेस शंभर वर्षें आदल्याच दिवशीं पूर्ण झालीं होतीं.