सैनिक-कुटुंबाच्या सवलती : पात्रता आणि ओळखीचा पुरावा

सैनिकाच्या कुटुंबाला प्रवासात, शिक्षणात, घरपट्टीत किंवा एखाद्या करमणुकीच्या ठिकाणी काही सवलत मिळते, एवढे सर्वांना ठाऊक असते. ती नेमकी कोणाला मिळते, कोणत्या कागदावर मिळते आणि कागदावरील नाव जुळले नाही तर पुढे काय, हे मात्र बहुतेकांना खिडकीपाशी उभे राहिल्यावरच कळते. जिंतूर किंवा गंगाखेड तालुक्यातील खेड्यात राहणाऱ्या जवानाच्या पत्नीला विचारण्यासाठी तो जवान जवळ नसतो. तिचा प्रश्न येतो तो ग्रामपंचायतीच्या कार्यालयात किंवा शाळेच्या मुख्याध्यापकांकडे. त्यांच्या उपयोगाची माहिती प्रस्तुत लेखात देण्याचा प्रयत्न आहे.

सैनिकी पेशा या भागाला नवा नाही. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोलीत निजामाच्या राज्यातील कंटिन्जंट फौजेची छावणी होती. त्या फौजेच्या परंपरेतून आलेल्या हैदराबाद रेजिमेंटला १९४५ साली कुमाऊं रेजिमेंट हे नाव मिळाले. सैनिकांच्या कल्याणासाठी १९१९ मध्ये जे मंडळ स्थापन झाले, तेच १९७५ पासून केंद्रीय सैनिक बोर्ड म्हणून ओळखले जाते. जिल्हा पातळीवर जिल्हाधिकारी सैनिक मंडळाचे अध्यक्ष असतात आणि प्रत्यक्ष काम जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्याच्या कार्यालयातून चालते. माजी सैनिक, त्यांच्या पत्नी आणि सैनिक-विधवा यांना ओळखपत्र देणारे हेच कार्यालय होय.

माजी सैनिक कोणाला म्हणावे?

गणवेशात नोकरी केलेला प्रत्येक मनुष्य नियमाच्या भाषेत माजी सैनिक ठरत नाही. भूदल, नौदल किंवा हवाई दलात सेवा करून निवृत्तिवेतनासह बाहेर पडलेला, सेवेमुळे आलेल्या अपंगत्वामुळे निवृत्त झालेला, किंवा ठरलेली मुदत पूर्ण करून उपदानासह मुक्त झालेला मनुष्य सामान्यतः या व्याख्येत बसतो. व्याख्येचे तपशील सेवामुक्तीच्या तारखेप्रमाणे बदलतात, म्हणून सेवामुक्ती पुस्तिकेवरील, म्हणजे डिस्चार्ज बुकातील, तारीख आणि कारण आधी पाहावे. सीमा सुरक्षा दल किंवा केंद्रीय राखीव पोलीस दल ही गृहमंत्रालयाच्या अखत्यारीतील दले आहेत. त्यांच्या निवृत्त जवानांसाठी २०१२ साली केंद्र शासनाने वेगळी संज्ञा ठरविली. ते 'माजी सैनिक' नव्हेत. २०२२ मध्ये सुरू झालेल्या अग्निपथ योजनेतील अग्निवीरांनाही चार वर्षांच्या सेवेनंतर हा दर्जा मिळत नाही. गावात या तिघांनाही 'मिलिटरीवाले' म्हणतात आणि त्यात मान आहे. दाखला देताना मात्र हा भेद राखावाच लागतो, नाही तर चुकीच्या अपेक्षेने माणूस परभणीला चार फेऱ्या मारतो.

कुटुंबाची व्याख्या एक नाही

दुसरा घोटाळा 'कुटुंब' या शब्दाचा. प्रत्येक योजना आपली व्याख्या आपण करते. माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत (ही योजना १ एप्रिल २००३ पासून आहे) न कमावता, अविवाहित मुलगा पंचवीस वर्षांपर्यंत अवलंबित मानला जातो आणि आई-वडिलांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. अभियांत्रिकीच्या प्रवेशात राज्यात संरक्षण दलाच्या पाल्यांसाठी पाच टक्के जागा असतात. तेथे प्रश्न अवलंबनाचा नसून वडील वा आई माजी सैनिक की सेवारत, आणि महाराष्ट्राचे अधिवासी की बदलीने आलेले, असा असतो. संरक्षण खात्यातील नागरी कर्मचाऱ्यांच्या मुलांना या जागा मिळत नाहीत, ही गोष्ट शिक्षकांनी बारावीच्या वर्गात आधीच सांगून ठेवणे बरे. पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना तर माजी सैनिकांच्या पाल्यांसाठी आणि विधवांसाठी आहे. सेवेत असलेल्या जवानाच्या मुलाने तिचा अर्ज भरून उपयोग नाही.

ग्रामपंचायत सदस्यांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती घरपट्टीतील माफी. बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजनेखाली २०२० पासून माजी सैनिक व सैनिक-विधवा यांना ही सूट आहे. ती राज्यातील एकाच मालमत्तेला लागू होते, आणि तिचा आधार जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र हा आहे. गावच्या पंचांनी 'आम्ही ओळखतो' असे म्हणून भागत नाही, आणि प्रमाणपत्र असताना ठराव लांबणीवर टाकणेही योग्य नाही.

तिकिटाची खिडकी

एस. टी.च्या गाडीत जवानाच्या पत्नीकडे सैनिकी ओळखपत्र मागण्याचे कारणच नसते. १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्धे तिकीट आहे, आणि पंचाहत्तरी पार केलेल्या सैनिकाला ऑगस्ट २०२२ पासून वयाच्या पुराव्यावर मोफत प्रवास आहे. शहीद जवानांच्या वीरपत्नींसाठी आजीवन मोफत प्रवासाची योजना मात्र वेगळी असून तिचा पास महामंडळाकडून घ्यावा लागतो.

रेल्वेचे तसे नाही. युद्धविधवांना द्वितीय वर्गात व शयनयानात ७५ टक्के सवलत होती. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीत ती इतर अनेक सवलतींबरोबर स्थगित झाली. पुढे रेल्वेने दिव्यांग, रुग्ण आणि विद्यार्थी एवढ्यांच्याच सवलती चालू ठेवल्या. जुन्या माहितीवर विसंबून परभणी जंक्शनच्या खिडकीशी वाद घालण्यात अर्थ नाही. परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र, तसेच अशोक, कीर्ती व शौर्य चक्र मिळालेल्यांचा व त्यांच्या विधवांचा मानाचा पास ही वेगळी बाब आहे. तो रेल्वेच देते.

खाजगी करमणूक उद्याने सैनिकांसाठी तिकीट कमी करतात, तेव्हा तो मालकाचा सद्भाव असतो, कायद्याचा हक्क नव्हे. सेवारत की निवृत्तही, पत्नी-मुले की आई-वडीलही, किती तिकिटे, कोणत्या दिवशी, आणि ज्याच्या नावाचे ओळखपत्र तो स्वतः हजर हवा की नको, हे सारे त्यांचेच नियम. सहल ठरविणाऱ्या शिक्षकाने हे आधी लेखी विचारून घ्यावे. वेरूळच्या लेण्यांसारख्या पुरातत्त्व खात्याच्या स्थळी पंधरा वर्षांखालील मुलांना तसेही तिकीट नाही. एक काळजी सर्वत्र घ्यावी : सेवारत जवानाचे ओळखपत्र पाहून परत करावे, त्याची छायाप्रत फाइलला लावण्याचा आग्रह धरू नये. ते सुरक्षेचे कागद आहे, रेशनकार्ड नव्हे.

नावातील फरक

या साऱ्या व्यवहारात खरी अडचण पात्रतेची नसतेच. ती नावाची असते. जवानाचे लग्न झाले की विवाहाचा दाखला युनिटला जातो, तेथे 'पार्ट टू ऑर्डर' निघते आणि पत्नीचे नाव अभिलेख कार्यालयात चढते. मराठा लाइट इन्फंट्रीचे हे कार्यालय बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातील सागरला. मुलांच्या जन्माचीही अशीच नोंद होते. पुढे निवृत्तिवेतनाच्या आदेशात, ओळखपत्रात आणि सवलतीत हेच नाव उतरते.

आता आपल्याकडील रीत पाहा. लग्नात वधूचे नाव बदलतात. माहेरी संगीता, सासरी सुनीता. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरे, आणि सैन्याच्या नोंदीत जवानाने त्या दिवशी जे सांगितले ते. शिवाय आपण आडनाव आधी लिहितो. भरतीच्या कागदावर अशा नावाचा क्रम बदलला तर वडिलांचे नावच आडनाव होऊन बसते. जाधव हे आडनाव मराठवाड्यात इंग्रजीत दोन प्रकारे लिहिले जाते, हे टपाल खात्याला समजते, संगणकाला समजत नाही. जवान जिवंत असेपर्यंत हा फरक कोणाच्या लक्षात येत नाही. तो गेल्यावर विधवेला आपण त्याचीच पत्नी आहोत हे सिद्ध करावे लागते, आणि कुटुंब-निवृत्तिवेतन तोपर्यंत अडून राहते.

हा फरक मुळात रोखता येतो तो गावातच. १९९८ च्या अधिनियमाप्रमाणे गावातील विवाहनोंदणी आणि १९६९ च्या अधिनियमाप्रमाणे जन्म-मृत्यूनोंदणी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे) असते. वर सैन्यात आहे असे कळताच वधूचे माहेरचे आणि सासरचे दोन्ही नाव दाखल्यात येईल असे पाहावे, आणि जवानाचे नाव त्याच्या सेवेतील कागदाबरहुकूम, अक्षरशः तसेच, लिहावे. मुलाचा जन्म दूरच्या लष्करी रुग्णालयात झाला असेल तर तेथील दाखला पाहिल्याशिवाय शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये नाव व तारीख घालू नये. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी तर जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखल्यालाच कायद्याने महत्त्व दिले आहे.

ज्यांच्या नोंदी आधीच चुकल्या आहेत त्यांनी थांबू नये. प्रतिज्ञापत्र, आवश्यक तेथे महाराष्ट्र राजपत्रातील नावबदलाची प्रसिद्धी, आणि दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचा पुरावा जोडून अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत अभिलेख कार्यालयाकडे पाठवावा. निवृत्तिवेतनाच्या आदेशातील दुरुस्ती पुढे प्रयागराज येथील संरक्षण लेखा (निवृत्तिवेतन) कार्यालयातून होते. यास वेळ लागतो. जवान सेवेत असताना हे काम युनिटमार्फत सोपे असते, त्यामुळे तो सुटीवर गावी आला की आधार, विवाहाचा दाखला आणि सैन्यातील नोंद ही तिन्ही शेजारी शेजारी ठेवून एकदा वाचून पाहण्यास त्याला सांगावे. घरी वृद्ध आई-वडील असतील तर त्यांच्याही नावांची नोंद त्याच बैठकीत तपासावी, कारण अविवाहित जवानाच्या बाबतीत पुढचे सारे कागद त्यांच्याच नावाने निघतात.