गरोदरपण आणि वाढलेला रक्तदाब
(महिला मंडळ व शिक्षकांसाठी अभ्यासपाठ)

आदिलाबाद जिल्ह्यातील आपल्या मराठी घरांची सोयरीक पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर आहे. बेला किंवा तामसीची सून पहिल्या बाळंतपणासाठी सातव्या महिन्यात किनवट, पांढरकवड्याकडे माहेरी जाते. गरोदरपणातील रक्तदाबाचा आजार 20 आठवड्यांनंतर, बहुधा शेवटच्या तीन महिन्यांत दिसू लागतो. म्हणजे दवाखाना बदलतो त्याच सुमारास धोकाही वाढतो. म्हणून हा विषय आपण नीट समजून घेऊ.

1. आजार कोणता?
रक्तदाब पुन्हा मोजूनही 140/90 किंवा अधिक भरला तर तो वाढलेला समजावा. त्यासोबत लघवीतून प्रथिने जाऊ लागली तर आजार बळावला असे जाणावे. वारेतून बाळाला रक्त कमी पोचते. बाळ खुरटते, अपुऱ्या दिवसांचे जन्मते, कधी पोटातच दगावते. आईला झटके येतात, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. पहिलटकरीण, जुळी असलेली, मधुमेह असलेली किंवा मागच्या खेपेला हाच त्रास झालेली स्त्री ह्यांना धोका अधिक.

2. खुणा
आरंभी पुष्कळ जणींना काहीच जाणवत नाही. म्हणून बरे वाटत असले तरी प्रत्येक तपासणीत रक्तदाब व लघवी पाहून घ्यावी. डोके सतत दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, बरगड्यांखाली दुखणे, चेहऱ्यावर अचानक सूज, लघवी कमी होणे, ह्यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

3. झटके आले तर
कोणी बाहेरची बाधा म्हणेल. पण हा आजारच आहे. बाईला डाव्या कुशीवर निजवावे, तोंडात काही घालू नये, लगेच 108 ला फोन करावा. प्रार्थना गाडीत बसूनही होते. दवाखान्यात मॅग्नेशियम सल्फेट देतात. 33 देशांतील सुमारे 10,000 स्त्रियांच्या अभ्यासात (2002) ह्या औषधाने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झाला. बाळंतपणानंतरही, विशेषतः पहिल्या 48 तासांत, झटके येऊ शकतात.

4. आपण काय करावे?
नुसते मीठ बंद करून हा आजार जात नाही. डॉक्टरांच्या गोळ्या नियमित घ्याव्यात, मनाने थांबवू नयेत. पूर्ण उपाय म्हणजे प्रसूती. म्हणून डॉक्टर कधी दिवस भरण्याआधीच बाळंत करतात. माहेरी जाताना तपासणीचे कार्ड बरोबर न्यावे. ते तेलुगूत असले तरी रक्तदाबाचे आकडे कोणत्याही नर्सला कळतात. उटनूर, इंद्रवेल्लीकडे पावसाळ्यात नाले भरून वाट अडते. तारीख जवळ आली की मोठ्या दवाखान्याजवळच्या नातलगाकडे राहावे.

चर्चेसाठी प्रश्न
1. काहीच त्रास नसताना रक्तदाब का मोजावा?
2. आपल्या मंडळीतील कोणती गरोदर बहीण माहेरी जाणार आहे? तिचे कार्ड कोण पाहील?
3. रात्री गाडी लागली तर आपल्या गावात कोण धावून जाईल?