सुट्टीतील शाळा आणि तिचा नायक

उन्हाळ्याची सुट्टी लागली की घरोघरी एकच प्रश्न उभा राहतो : या दीड-दोन महिन्यांत मुलांनी करावे तरी काय? कोणी मुलाला मामाच्या गावी पाठवितात, कोणी पुढील इयत्तेची पुस्तके त्याच्या पुढ्यात ठेवतात. शिबिराचे नाव निघाले, तर मात्र पालकांच्या कपाळी आठ्या पडतात. रानात ऊन आहे, साप आहे, नदीत डोह आहे. शिवाय रानात हिंडून मूल शिकणार काय? ही काळजी अनाठायी नाही. म्हणूनच शिबिर हे शिक्षण केव्हा ठरते, आणि शिबिराचा नायक कसा असावा लागतो, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

शिबिरशिक्षणाचा एक प्रसिद्ध प्रयोग इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ब्राउनसी नावाच्या लहानशा बेटावर 1907 सालच्या ऑगस्ट महिन्यात झाला. बेडन-पॉवेल या सेनाधिकाऱ्याने सुमारे वीस मुले तेथे नेली. त्यांतील काही श्रीमंतांच्या शाळांतील होती, तर काही कामकरी घरांतील. त्याने त्यांच्या चार तुकड्या केल्या आणि प्रत्येक तुकडीवर त्यांच्यातीलच एक मुलगा नायक नेमला. या योजनेचे मर्म ध्यानात घेण्याजोगे आहे. जबाबदारी ही व्याख्यानाने शिकविता येत नाही. ती सोपवावी लागते. आपल्या तुकडीतील सर्वांना पाणी मिळाले की नाही, हे ज्या मुलाला रोज पाहावे लागते, तो आठवड्याभरात जे शिकतो, ते नीतिपाठाच्या दहा धड्यांतूनही शिकणार नाही. या प्रयोगातूनच पुढे बालवीर चळवळ उदयास आली.

आपल्या देशात ही चळवळ 1909 मध्ये बंगलोर येथे आली खरी, परंतु आरंभी तिचे दार हिंदी मुलांना बंद होते. तेव्हा अ‍ॅनी बेझंट, पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी हिंदी मुलांची स्वतंत्र पथके उभारली. 1921 मध्ये बेडन-पॉवेल हिंदुस्थानात आला आणि यांपैकी काही संस्था एकत्र आल्या. उरलेले ऐक्य स्वातंत्र्यानंतर, 7 नोव्हेंबर 1950 रोजी, भारत स्काउट्स आणि गाइड्स या संस्थेच्या रूपाने सिद्ध झाले. पुढल्याच वर्षी वीरबालांची संस्थाही तीत सामील झाली.

त्याच 1921 सालापासून आपल्या मध्यप्रांत व वऱ्हाडात बालवीर संस्थेचे चिटणीसपद एका तरुण वकिलाने सांभाळले. त्यांचे नाव व्हिव्हियन बोस. 1891 मध्ये जन्मलेले, केंब्रिज येथे शिकलेले आणि नागपुरास वकिली करणारे हे गृहस्थ 1934 पर्यंत प्रांतिक चिटणीस व त्यानंतर 1937 पर्यंत प्रांतिक आयुक्त होते. त्या काळी मोर्शीही याच प्रांतात मोडत होती. ते नागपूरच्या विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, 1936 मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले, 1949 मध्ये तेथील मुख्य न्यायाधीश आणि 1951 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. बालवीर चळवळीचा ‘रौप्य वृक’ हा श्रेष्ठ सन्मान त्यांना 1942 मध्ये मिळाला. 1956 मध्ये ते सेवानिवृत्त झाले. तथापि 1959 मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, त्यांनी या संस्थेचे राष्ट्रीय आयुक्तपद स्वीकारले. ज्याच्या वेळेला एवढे मोल होते, अशा माणसाने मुलांच्या या कार्याला इतकी वर्षे द्यावीत, हे शिबिराला रिकामपणाचा उद्योग समजणाऱ्यांनी अवश्य विचारात घ्यावे.

न्यायासन आणि शिबिर यांत दिसते तेवढे अंतर नाही. बालवीरांचा एक खेळ पाहा. तबकात किल्ली, बी, दोरा, नाणे अशा चोवीस वस्तू मांडतात, मुलांना एक मिनिट पाहू देतात आणि मग वर कापड टाकतात. किती वस्तू आठवतात ते लिहावयाचे असते. पहिल्या दिवशी बहुतेकांची मजल निम्म्यावर थांबते. सरावाने ती वाढत जाते. न्यायालयात साक्षीदाराची परीक्षा होते ती याच गुणाची. डोळ्यांनी पाहणे आणि मनाने टिपणे यांतील भेद ज्याला कळला, तो वकील होवो वा शेतकरी, त्याचा निर्णय सहसा चुकत नाही.

विद्यार्थी मित्रहो, या शिक्षणासाठी दूरदेशी जाण्याचे कारण नाही. आपल्या उत्तरेस सातपुडा उभा आहे. ज्या वर्धेच्या काठाने आपण हिंडतो, ती मुलताईजवळ याच पर्वतात उगम पावते. सिंभोऱ्याच्या धरणात अडविलेले तिचे पाणी अमरावती शहराची तहान भागविते. सालबर्डीच्या यात्रेला आपण महाशिवरात्रीस जातो. तीच वाट एकदा निरीक्षणासाठी चालून पाहावी. भूमितीचा पाठ संत्र्याच्या बागेतही घेता येतो. 5 फुटांची काठी सपाट जमिनीवर सरळ उभी करा. तिची सावली 4 फूट पडली आणि त्याच क्षणी जवळच्या कडूनिंबाची सावली 32 फूट भरली, तर झाडाची उंची 40 फूट. त्रैराशिक तेच, परंतु ते आता वहीतून उतरून जमिनीवर आलेले असते. रात्री सप्तर्षींच्या पुढील दोन तारका जोडून रेषा वाढविली की ध्रुव सापडतो आणि उत्तर दिशा कळते.

आता पालकांच्या काळजीकडे वळू. साहस आणि अविचार यांतील अंतर पूर्वतयारीचे आहे, आणि ती तयारी हेच शिबिरनायकाचे खरे काम होय. चांगला नायक वैशाखाच्या उन्हाचा मान राखतो. पायपीट पहाटे उरकून दहाच्या आत मुलांना सावलीत आणतो. कोरड्या नाल्याच्या पात्रात तो तंबू ठोकू देत नाही. कारण डोंगरात वळवाचा पाऊस झाला तर असा नाला घटकेत भरून येतो. डोहाची खोली स्वतः तपासल्यावाचून तो कोणाला पाण्यात उतरवीत नाही, आणि उतरणाऱ्या प्रत्येकाला एक जोडीदार नेमून देतो. सर्पदंश झाल्यास चिरा देणे किंवा मांत्रिक शोधणे त्याज्य असून, रोग्याला न हलविता धीर देणे आणि दंश झालेला अवयव स्थिर ठेवून त्याला उचलून सत्वर रुग्णालयात नेणे हाच मार्ग, हे तो आधीच शिकवून ठेवतो. 1974 पासून व्याघ्र प्रकल्प असलेल्या मेळघाटात तो वनखात्याच्या अनुमतीवाचून पाऊल टाकीत नाही. रानावर त्याचे प्रेम असते, म्हणूनच रानाचे नियम तो जाणतो.

वऱ्हाडाला ही परंपरा परकी नाही. अमरावतीस 1914 मध्ये वैद्य बंधूंनी स्थापिलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने उन्हाळ्याच्या सुट्टीत व्यायामशिक्षणाचे वर्ग भरविले, आणि 1936 मध्ये मंडळाच्या पथकाने बर्लिन येथे ऑलिंपिकच्या प्रसंगी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके जगाला दाखविली. ज्यांनी सुट्टीचा सदुपयोग केला, त्यांना एवढी मजल गाठता आली.

तेव्हा येत्या सुट्टीत शिबिराचे पत्रक घरी आले, तर पालकांनी ते एकदम बाजूस सारू नये. नायकाला भेटून चार प्रश्न विचारावेत : पिण्याचे पाणी कोठून येणार, जवळचा दवाखाना किती अंतरावर आहे, किती मुलांमागे एक मोठा माणूस राहणार, आणि मुलांवर कोणती कामे सोपविली जाणार? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे तयार नसतील, तर मुलाला पाठवू नये. चौथ्याला ‘कोणतेच नाही, सर्व आम्हीच करू’ असे उत्तर आले, तर पाठवून फारसा लाभ नाही. चारही उत्तरे समाधानकारक असतील, तर मुलाला निःशंक जाऊ द्यावे. आणि घरी मुलगी असेल, तर तिलाही तीच संधी द्यावी. परत आल्यावर मात्र त्यांना केवळ ‘मजा आली का?’ असे न विचारता, ‘तुझ्यावर कोणते काम होते?’ असे विचारावे.